गाण्याबाहेरचं बोलणं

आमच्या फाटकावरच्या बोगनवेलीच्या काट्याला महिन्यापूर्वी कापसाचा पुंजका अडकलेला दिसला. जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीतून उडालेला असणार. यवतमाळात राहून मला वेचणी लागल्याचं असंच कळतं. पुंजका चिमटीत घेऊन दाबून पाहिला, तर आत सरकी होती. टणक, काळसर, केसाळ. मी ती बराच वेळ बोटांत फिरवत उभी राहिले. सून खिडकीतून म्हणाली, "आई, ऊन लागेल." लागू दे. सत्तरीला आलेल्या बाईला ऊन नाही लागत, उन्हाला ती लागते.

त्याच दुपारी शीला आली. मारेगावच्या पलीकडच्या एका गावात ती अंगणवाडीत मदतनीस आहे. एसटीनं आली होती, घामानं ओली. पाणीसुद्धा न पिता तिनं फोन काढून माझ्या कानाला लावला.

"मॅडम, ऐका."

आवाज सुरू झाला आणि मी पहिल्या ओळीलाच ओळखला. गिरजाबाईचा. शीलाच्या मायचा.

*तास लांब लांब, धुरा दूर दूर,*
*माह्या मायच्या चुलीचा दिसे गं धूर…*

तास म्हणजे पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडांची, ओळ आणि धुरा म्हणजे बांध. एका टोकापासून वेचत निघालेल्या बाईला पलीकडचा बांध कधीच जवळ येताना दिसत नाही, हे ज्यानं एकदा वाकून वेचलंय त्याला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं होतं. मी वेचलं नव्हतं, मी 'संकलन' केलं होतं.

"आता खाली वाचा," शीला म्हणाली.

देशभरातल्या जुन्या नोंदी, फोटो, हस्तलिखितं, आवाज असं सगळं एका जागी ठेवणारं ते एक संकेतस्थळ होतं. 'राष्ट्राची स्मृती' असं काहीतरी भारदस्त वर लिहिलेलं. गाण्याच्या खाली माहिती होती. प्रकार : श्रमगीत. ध्वनीचा दर्जा : उत्तम. गायिका : अज्ञात.

आणि त्याच्याच खाली, संकलक : माझं नाव. माझं, नवऱ्याचं, आडनाव, तिन्ही जागच्या जागी. वर पदव्यासुद्धा.

"माय जाऊन दोन वर्षं झाली," शीला म्हणाली. "घरात तिचा एक फोटो हाय, रेशनकार्डातला. त्यात ती कोणाच्याच मायसारखी दिसते. आवाज इथं सापडला तं मी रडली. मंग वाचलं. मॅडम, तुमी तं तिले नावानं हाक मारत होत्या. माह्या मायचं नाव काहून नाई लिवलं?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. मी भांडणात हुशार आहे.

—

काहून नाही लिहिलं, ते सांगते. त्यासाठी तुम्हाला त्या बाईंची ओळख करून द्यावी लागेल.

त्या बाई म्हणजे मी. वय सत्तेचाळीस, म्हणजे आजच्या हिशेबानं पोरगीच. महाविद्यालयात ग्रंथपाल. नुकताच संगणकाचा कोर्स केलेला आणि त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेलं, सासऱ्यांच्या फोटोपेक्षा वीतभर उंच. बाहेरगावच्या एका संस्थेनं लोकगीतं गोळा करून 'डिजिटल' करायचं काम काढलं तेव्हा आमच्या कॉलेजनं या बाईंना पुढं केलं, कारण बाकी कोणाला वावरात जायचं नव्हतं. बाई निघाल्या. कांजी केलेली साडी, खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत टेपरेकॉर्डर आणि छापील फॉर्मचा गठ्ठा. गळ्यात ओळखपत्र. वावरात ओळखपत्र! पऱ्हाटीला दाखवायचं होतं का?

वर्षं ती वाईट होती. कापसाची वाईट वर्षं म्हटलं की आमच्याकडे कोणाला साल विचारावं लागत नाही. तेव्हा आमचा जिल्हा रोज पेपरात असायचा, आणि कशासाठी असायचा तेही सगळ्यांना ठाऊक आहे. पांदणीतून जीपगाड्या यायच्या. माणसं उतरायची, वही काढायची, कॅमेरा काढायची, ठरलेलेच प्रश्न विचारून धूळ उडवत परत जायची. गावातल्या लहान लेकरांना ते प्रश्न पाठ झाले होते. आपण त्यांच्यासारख्या नाही, असं या बाईंना मनापासून वाटे. ते मरणाची नोंद घ्यायला येतात, आपण जगण्याची घ्यायला आलोय. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की त्या ते एसटीत शेजारच्या बाईलाही ऐकवायच्या.

त्या दिवशी गिरजाबाई वेचायला जायची त्या वावरात सीतादही होती. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्या भागात करतात. वावरात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, पहिल्या बोंडाचा कापूस तिथंच ठेवायचा आणि मग ओटी बांधून वेचायला लागायचं. पाच बाया होत्या. दह्याचा आंबूस वास, उदबत्तीचा, आणि त्या दोन्हींच्या वर पऱ्हाटीच्या पानांचा तो उग्र, औषधाचा वास, जो घरी गेल्यावरही पदराला राहतो. वावराच्या मालकिणीनं भात चौफेर शिंपडला. आणि नेमके तेव्हाच माझ्या मशीनचे सेल संपले.

बाईंनी काय करावं? नवे सेल घातले आणि म्हणाल्या, "पुन्हा करा."

गिरजाबाईनं कमरेवर हात ठेवला. काळी, उंच, नाकात चमकी, बोलताना भुवई उडवायची सवय.

"मॅडम, देव काय शाळेतलं पोट्टं हाय, पुन्हा हजेरी घ्याले? एकदा आला, भात खाल्ला, गेला."

बाया हसल्या. मी हसले नाही. मी फॉर्मवर लिहिलं, 'विधी : अपूर्ण'. आता आठवलं की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते. अपूर्ण काय होतं? माझे सेल!

—

फॉर्मवर नावासाठी तीन चौकोन होते. स्वतःचं, पतीचं, आडनाव. खाली दोन सूचना, ठळक अक्षरांत. अपूर्ण नाव नोंदवू नये. माहिती स्वतः गायिकेकडूनच घ्यावी, इतरांकडून नाही.

ज्यानं कोणी तो फॉर्म केला, त्याला मी आजही शोधत्येय. भला माणूस असेल. शास्त्रशुद्ध असेल. पण बाई नवऱ्याचं नाव असं हिशेब सांगितल्यासारखं सांगत नाही, ते 'घ्यावं' लागतं, हे त्याच्या घरातल्या एकाही बाईनं त्याला सांगितलं नसावं.

"नाव सांग," मी म्हटलं.

"गिरजा."

"मालकाचं?"

तिनं पदर तोंडाशी नेला. बाकीच्या खुसखुसल्या. मी पेन रोखून उभी. शेजारची सांगायला लागली तर मी तिला हातानं थांबवलं, सूचना क्रमांक दोन.

"असं कसं घेऊ वो मॅडम?" गिरजाबाई म्हणाली. "घ्याची रीत असते. वेचता वेचता घेतो, तुमी मशीन चालू ठेवा."

आणि तिनं घेतलं. पाचीजणींनी घेतलं. आपापल्या तासाला लागल्या, कापूस ओटीत पडायला लागला, आणि गाणं म्हणायच्या आधी एकेकीनं उखाण्यात नाव घेतलं. दुसऱ्या तासावरून टोमणा, तिसऱ्या तासावरून हसू. वाळलेल्या बोंडाच्या टरफलाची टोकं बोटात घुसतात, नखाच्या कडेनं रक्त येतं, ते तोंडात घालून थुंकायचं आणि पुढचं बोंड धरायचं. हे सगळं चालू असताना उखाणा. मशीन फिरत होतं. फॉर्मवर पेन फिरलं नाही. कारण गाणं अजून सुरू व्हायचं होतं, आणि मला वाटत होतं हे सगळं गाण्याच्या आधीचं आहे.

मग रस्त्यावर जीप थांबली.

एक कॅमेरावाला धुरा ओलांडून आत आला. दमलेला होता बिचारा, बुटात गोखरू शिरलेले. गिरजाबाई तेव्हा चुलीच्या धुराच्या ओळीवर होती.

"ताई, गाणं नको," तो म्हणाला. "गाण्यानं वातावरण जातं."

"कोणचं वातावरण?" गिरजाबाईनं वर पाहिलं. "आभाळ तं साफ हाय."

"तसं नाही… दुःख दिसत नाही."

"दुःख घरी हाय, भाऊ. इथं मजुरीनं आलो."

माझ्या आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर. आणि त्यावर त्या बाई, म्हणजे जगण्याची नोंद घेणाऱ्या त्या विदुषी, काय म्हणाल्या?

"बायांनो, दोन मिनिटं शांत राहा. पाहुणे लांबून आलेत."

शांत राहिल्या. मॅडमनं सांगितलं म्हणून. त्यानं फोटो काढले. गिरजाबाई उन्हात डोळे बारीक करून, हातात एक बोंड धरून त्याच्याकडे बघत राहिली. गाणं अर्धवट तुटल्याचा राग होता तो. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला ठाऊक आहे. मग तो गेला आणि तिनं गाणं पहिल्यापासून धरलं.

तो फोटोही त्याच संकेतस्थळावर आहे. शीलानं त्या दुपारी दाखवला. खाली लिहिलंय, 'हताश महिला शेतमजूर'.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. हताश. एकाच दिवसाची, एकाच वावराची एकच बाई त्या राष्ट्राच्या स्मृतीत दोनदा आहे. गप्प बसवली तेव्हा हताश, आणि गायली तेव्हा अज्ञात.

—

गाणी कॉलेजच्या संगणकावर उतरवायला मला दोन महिने लागले. तिथंही सूचनांचा कागद होता : 'गीताबाहेरील संभाषण वगळावे. ध्वनी स्वच्छ करावा.'

स्वच्छतेची मला हौसच. बांगड्यांचा आवाज काढला. वारा काढला. कुठंतरी लांब मोटारपंप चालू होता, तो काढला. खोकला, हसू, टोमणे, "हो बाजूले, माह्या तासात आली तू" हे सगळं काढलं. उखाणे काढले. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा असत, त्यांचे नको ते तुकडे माऊसच्या एका टिचकीनं गायब होत. मला फार मजा यायची. जिनिंगमध्ये कापसातला काडीकचरा काढतात, तसंच आपण करतोय असं वाटायचं. सरकीही त्यातच गेली, हे मला वीस वर्षांनी कळायचं होतं.

आणि फॉर्म? पतीच्या नावाचा चौकोन पाचही फॉर्मांवर रिकामा. अपूर्ण नाव नोंदवू नये. मग मी पाची फॉर्मांवर, सुरेख अक्षरात, अज्ञात असं लिहिलं. त्यातल्या एकीच्या घरी मी भाकर-ठेचा खाल्ला होता.

सीडी तयार झाली. आरशासारखी स्वच्छ. कॉलेजनं माझा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. मी भाषण केलं. विषय होता 'जतनाचे महत्त्व'. भाषणाची आठवण राहावी म्हणून ते टेप करायचं ठरलं, तर नवी कॅसेट कोणी आणली नव्हती. मी शिपायाला म्हटलं, "ही घ्या, हिच्यातलं काम झालंय."

होय. त्या वावरातली, तीच कॅसेट.

—

शीलानं संकेतस्थळाला लिहिलं होतं की ही माझी आई आहे, हिचं नाव घाला. उत्तर आलं : आपली सूचना प्राप्त झाली, कृपया पुरावा जोडावा. तिनं मायच्या मृत्यूचा दाखला पाठवला. गिरजाबाईचं तीन चौकोनांत बसणारं पूर्ण नाव असलेला सरकारी कागद. उत्तर आलं : सदर कागदावरून ध्वनिफितीतील आवाज संबंधित व्यक्तीचा असल्याचे सिद्ध होत नाही.

बरोबर आहे. अगदी बरोबर. मीही तशीच वागले असते. पण मला एवढंच सांगा, ती हताश असल्याचा पुरावा कोणी मागितला होता? तो शब्द फोटोखाली टाकताना कोणी दाखला जोडला होता? आमच्या बायांच्या दुःखाला पुरावा लागत नाही, ते गृहीत असतं. नावाला लागतो. वाटेल त्यानं यावं, आमच्या चेहऱ्यावर वाटेल तो शब्द चिकटवावा, आणि तो देशाच्या खजिन्यात कायमचा बसतो. आमची लेक मायचं नाव घेऊन दारात उभी राहिली की तिला म्हणायचं, कागद आणा. यालाच जतन म्हणतात? मग पऱ्हाटी उपटून तिचा फोटो भिंतीला लावा आणि म्हणा, पीक राखलं.

माझी नातवंडं म्हणतात, आजी सारखी भांडते. भांडते. आधी भांडले नाही त्याचं व्याज समजा.

"कॅसेट असंल का कुठं?" शीलानं विचारलं.

संस्थेकडे होत्या त्या कधीच गेल्या. कॉलेजनं भंगार काढलं त्यात टोपलीभर कॅसेटा गेल्या, मी स्वतः यादीवर सही केली. पण एक होती. माझ्याच कपाटात, शालीच्या घडीत, भाषण आहे म्हणून जपलेली. दुसऱ्या कशासाठी जपलं नसतं मी. माझा मोठेपणा नसता तर तीही भंगारात गेली असती, हे मला कबूल करावं लागतं, आणि करताना दात दुखतात.

वाजवायला मशीन कुठं मिळेना. शेवटी चौकातल्या मंडपवाल्याच्या गोदामात एक सापडलं. तो म्हणाला, "काकू, पट्टा ढिला हाय, पण चालते." खुर्च्यांच्या चळतीत आम्ही दोघी बसलो. शीलानं बटण दाबलं.

"आदरणीय व्यासपीठ," मी म्हणाले. म्हणजे त्या बाई.

देवा, काय आवाज होता! नाकातून आणि वरून. 'आपल्या मातीचा अनमोल ठेवा', 'लुप्त होत चाललेला वारसा', 'माझ्या ग्रामीण भगिनी'. शीला खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं ती रडतेय. पाहिलं तर ओठ चावून हसत होती. "मॅडम, लय बोलल्या तुमी." लय बोलले. वीस मिनिटं झाली तरी ठेवा लुप्तच होत होता. आणि प्रत्येक वाक्यासरशी मला दिसत होतं, याच्या खाली एक बाई गेली. याच्या खाली दुसरी. नाव घेत होती, मी तिच्यावर बोलले. चार बाया माझ्या भाषणाखाली आहेत. त्यांना आता कोणी काढू शकत नाही.

बाविसाव्या मिनिटाला आवाज अडखळला. मला आठवलं. प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली होती : आवरा. हातात अजून दोन पानं होती. त्या माणसावर मी निवृत्त होईपर्यंत राग धरला, त्यांच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही. आज ते असते तर पाया पडले असते. ती दोन पानं वाचली असती तर पाचवी बाईही गेली असती.

"…धन्यवाद," त्या बाई घाईनं म्हणाल्या. टाळ्या. खट्.

आणि वारा आला. बांगड्या. मोटारपंप. ओटीत कापूस कोंबल्याचा तो दबका आवाज. कोणीतरी लांबून ओरडलं, "गिरजे, तुई पाळी!" आणि माझ्याशेजारी बसलेल्या शीलानं माझा हात इतका दाबला की माझी बांगडी वाकली.

*पांढऱ्या पांढऱ्या बोंडाले हिरवी हिरवी पात,*
*शामरावाचं नाव घेतो मॅडमच्या मशीनात.*

हशा. मग गिरजाबाईचा आवाज, जवळून, मशीनशी वाकून विचारावं तसा :

"लिवलं का, मॅडम?"

आणि माझा आवाज, त्याच कॅसेटवर, स्पष्ट :

"हो हो, लिहिलं. आता गाणं म्हण."

शीलानं कॅसेट मागं नेऊन पुन्हा लावली. तिला माय ऐकायची होती. मला ते 'हो हो' ऐकावं लागलं, तीनदा.

—

आम्ही सगळी कॅसेट उतरवून पाठवली. अगदी सगळी, माझ्या भाषणासकट. सोबत मी पत्र जोडलं की फॉर्मवर 'अज्ञात' लिहिणारी बाई मीच, तेव्हा ते चूक होतं, आणि फोटोखालचा 'हताश' हाही शब्द काढा, मी साक्षीला उभी होते. काल उत्तर आलं. सभ्य भाषेत. पाठवलेल्या ध्वनिफितीत बराच असंबद्ध भाग आहे, कृपया तो वगळून, ध्वनी स्वच्छ करून, केवळ आवश्यक अंश पाठवावा.

मी हसले. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. मग मी उत्तर लिहायला बसले : एक क्षणही कापणार नाही. वारा आवश्यक आहे. पंप आवश्यक आहे. मी खोटं बोलले, ते तर सगळ्यात आवश्यक आहे.

ते कधी ऐकतील मला ठाऊक नाही. वेचणी संपेल, पऱ्हाट्या उपटून चुलीला जातील, फाइल कुठल्या टेबलावर असेल देव जाणे. शीला आठवड्याला फोन करते, "काई आलं का मॅडम?" तिला दर वेळी नाही म्हणताना मला ते 'हो हो' आठवतं. म्हणून तोवर छापील कागदावर एका जागी तरी असावं, यासाठी हे सगळं लिहिलं. बाकीचं गाण्याबाहेरचं बोलणं समजून वगळलंत तरी चालेल. एवढं वगळू नका.

गायिका : गिरजाबाई शामराव खिरटकर. स्वतःच्या तोंडून, वेचता वेचता, रीतीनं घेतलेलं नाव.

लिवलं, गिरजे.